किटलीपासून कोंबडीपर्यंत

१२ एप्रिल, किटलीच्या सावलीत

बारक्या,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला हवं होतं, मोठी बहीण आहे मी. पण ज्याच्याशी चार वर्षं एक शब्द बोलले नाही, त्याला पहिल्याच ओळीत आशीर्वाद द्यायचा म्हणजे कमाल झाली. तेव्हा नुसतं बारक्या. फोन तू उचलत नाहीस. पत्र फाडून टाकायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

मी फिरायला निघालेय. एकटी. आपली जुनी व्हॅन, टपावर शिडी, मागे हत्यारांची पेटी. शेजारीण म्हणाली, या वयात एकटीने गाडी चालवत कुठे निघालात? म्हटलं, हवापालट. ती म्हणाली, मग शिडी कशाला? काही माणसांना देव नको तेवढं चांगलं डोकं देतो.

तर आज सकाळपासून किटलीपाशी आहे. अठरा फूट उंच, लाल, पांढऱ्या ठिपक्यांची. तू आणि मी केलेली पहिली वस्तू. चौदा वर्षं झाली, आणि अजून लोक गाड्या थांबवतात, तोटीखाली रिकामा कप धरून उभे राहतात आणि दुसरा त्यांचा फोटो काढतो. टपरी चालवते ती बाई वैतागलेली आहे. म्हणाली, "फोटो काढतात आणि चहा न पिताच पुढे जातात. एवढी मोठी किटली बघूनच पोट भरतं मेल्यांचं." मला मात्र तिने न मागता दोन कप दिले. मग समोर बसून चौकशी सुरू. भाऊ काय करायचे, तुम्ही काय करायचात? मी म्हटलं, हाडं त्याची, कातडी माझी. लोखंडाचा सांगाडा, जाळी, सिमेंट सगळं तो करायचा, मग मी घासून रंगवायची. ती हसली. आणि मग एकदम म्हणाली, "मग त्या घोड्याचं काय मोडलं होतं हो? हाडं का कातडी?"

मी चहा संपवला आणि उठले.

हवापालटाचं खोटं आहे, ते तुला कळलंच असेल. दहा दिवसांपूर्वी याच बाईचा फोन आला होता. किटलीच्या बुडाशी तांबूस डाग आलाय, येऊन रंग मारून जा म्हणाली. मी फोन ठेवला. किटलीच्या बुडाशी दिवसभर माणसं बसतात, बारक्या. बाकं तिथेच टाकलीत तिने. घोडा पडला तो एकाच माणसावर पडला. हे काही पडलं तर किती जणांवर पडेल, ते मोजत मी एक आठवडा घरात येरझाऱ्या घातल्या. मग व्हॅनमध्ये बसले. आपण केलेल्या पाच वस्तू अजून उभ्या आहेत. पाचही गाठायच्या, पावसाळ्याच्या आत.

इथलं काम दहा मिनिटांचं होतं. ते केलं. काय केलं आणि आतून काय निघालं ते आज लिहीत नाही. बाकं तेवढी दहा पावलं लांब हलवून घेतली, बाईने कुरकुर केली. इथे फार थांबवत नाहीये. निघते.

ताई


१३ एप्रिल, बुटाजवळ, दुपार

बारक्या,

काल मुक्कामाला जिथे थांबले तिथली गादी बरी होती, उशी बरी होती, आणि मी पहाटेच गाडीत येऊन बसले होते. हल्ली हे असं आहे. कुठे टेकले की पाच मिनिटांत वाटतं, निघावं. निघाले की वाटतं, पोचूच नये.

बूट छान दिसतोय. तपकिरी, दोन मजली, जाड दोरखंडाची नाडी. पोरं मागच्या जिन्याने चढतात, जिभेवरून घसरत खाली येतात आणि परत मागे पळतात. दुकानाचा मालक तोच, काटकुळा. जन्मभर बूट विकले आणि स्वतः रबरी स्लिपर घालतो. मी पेटीतून ड्रिल काढलं तसा धावत आला. "बाई, बुटाला भोक पडलं की लोक माझ्याकडे घेऊन येतात. तुम्ही पाडायला आलात?"

मी म्हटलं, आत पाणी साचतं, त्याला वाट हवी. मला वाटलं आता याला तासभर समजवावं लागणार. तर तो म्हणाला, "हां, मग बरोबर. आत ओल राहिली की शिवण सुटते. बाहेरून चकचकीत, आणि एक दिवस तळच हातात येतो." एवढं बोलून तो गिऱ्हाइकाकडे गेला. दोन वाक्यांत कळलं त्याला. मला तू चौदा वर्षांपूर्वी सांगितलं होतंस.

आता लिहितेच. किटलीच्या वेळी तू बुडाशी चार भोकं ठेवली होतीस, पेन्सिल जाईल एवढी. म्हणालास, "ताई, या नाकपुड्या आहेत. पोकळ आहे ना, आत घाम धरतो, फटीतून पाऊस जातो. ते निथळायला हवं. बुजवू नकोस." मी हो म्हटलं. मग रंगाचा दुसरा हात झाला आणि त्या भोकांभोवती लाल ओघळ आले. शेंबड्या पोरासारखी दिसायला लागली माझी किटली. मी चारही भोकांत पुट्टी भरली, घासली, वर रंग मारला. कुठे होती ते मलाही सांगता आलं नसतं, इतकं बेमालूम.

तुला दिसलं नाही, कारण तुला दिसायची सोयच मी ठेवली नव्हती. आठवतं? तू किटलीच्या ओल्या रंगावर अंगठा टेकवला होतास आणि मी आकाशपाताळ एक केलं होतं. तेव्हापासून नियम, रंगाचा डबा उघडला की बारक्याने वर्कशॉपात पाऊल ठेवायचं नाही. तू वेल्डिंग करत असताना मी यायचं नाही. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. सगळ्यांना मी कौतुकाने सांगायची, बघा, बहीण-भाऊ असून भांडण नाही. तू वस्तू बघायचास ती थेट रस्त्यावर उभी राहिल्यावर, समोरून, लांबून.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग ती सवयच झाली. बूट, गोगलगाय, कोंबडी, खुर्ची. आणि मागच्या दोन पायांवर उभा असलेला घोडा. घोड्याचे खूर मी पांढरे केले होते आणि त्या पांढऱ्यात तुझी भोकं किडक्या दातांसारखी दिसत होती. ती बुजवताना तर मला क्षणभरही काही वाटलं नाही.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत नाही. तुझं वेल्डिंग नीट होतं, एवढं तरी पहिल्यांदा माझ्या अक्षरात तुझ्या हातात पडू दे. बुटाची चारही भोकं मोकळी केली. बादलीभर तांबडं पाणी आलं, चहाच्या काढ्यासारखं. घसरगुंडी दोन दिवस बंद ठेवायला सांगितलंय. पोरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं घरच पाडलंय.

ताई


१४ एप्रिल, संध्याकाळ, गोगलगायीच्या गॅरेजात

बारक्या,

आज गोगलगायीकडे यायला तीन तास पुरले असते, मला सात लागले. वाटेत दिसेल तिथे थांबत होते. एका ठिकाणी पाटी दिसली, 'बटणांचं संग्रहालय, आत या'. एक निवृत्त शिंपी आहे, त्याने जुन्या बसमध्ये भिंतीभर बटणं लावलीत, प्रत्येकाखाली चिठ्ठी, कुणाच्या कोटाचं, केव्हा तुटलं. नियम असा की येणाऱ्याने स्वतःचं एक बटण द्यायचं. मी बाहीचं ओढून दिलं. तो म्हणाला, "नाव सांगू नका. तुटलं कशाने तेवढं सांगा." मी म्हटलं, "घाईने." त्याने तसं लिहिलं. मला खूप मजा यायला हवी होती, तुला तर वेडच लागलं असतं तिथे. मी आठ मिनिटांत बाहेर पडले. शिंपी दारात उभा राहून म्हणाला, अजून मागची बाजू राहिली की. मी मागची बाजू बघितली नाही.

हे सगळं मी मुद्दाम लिहितेय. कारण गोगलगायीखालून आज जे पाणी निघालं ते बघून मला बसवत नाहीये. दोन बादल्या, बारक्या. आणि दुसऱ्या भोकातून पाण्याबरोबर गंजाच्या खपल्या. गॅरेजवाल्याने टॉर्च लावून आत बघितलं आणि शीळ घातली. त्याने मला काही विचारलं नाही. सरळ चार माणसं बोलावली, शंखाखाली दोन जॅक लावले आणि भोवती दोरी बांधली. "सांगाडा बदलावा लागेल," म्हणाला, "करणारा कोण आहे?" मी म्हटलं, एक होता. आता त्याला कुठल्याही बांधकामाला हात लावायला मनाई आहे. तो म्हणाला, "काय केलं होतं त्याने?"

काय केलं होतंस तू? काही नाही. केलं मी. आणि पुट्टीचं लिहून मोकळी झाले असं काल मला वाटलं होतं, पण ती तर सोपी गोष्ट होती. चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. पुढची चूक नव्हती.

घोडा पडला त्या दुपारी आपण दोघं धावत गेलो. तू तिथल्या पहारेकऱ्याजवळ गुडघ्यावर बसलास. तो घोड्याच्या छातीखाली अडकला होता, डावा पाय कमरेपासून, आणि तू त्याचा हात धरून त्याच्याशी बोलत होतास. मी तिकडे गेले नाही. मी खुराकडे गेले. मागचा उजवा खूर फुटला होता आणि आतला पाइप गंजून कागदासारखा झाला होता. त्याच्या तोंडाशी माझी पुट्टी होती. पांढरी, अखंड, जशी भरली होती तशी. मी ती नखाने उकरली आणि पर्समध्ये टाकली. दुसऱ्या खुराचा चुराच झाला होता, तिथे शोधायची गरज पडली नाही. लोक मदत करत होते, आरडाओरडा चालला होता, आणि तुझी बहीण पुरावा गोळा करत होती.

मग चौकशी. साहेबांनी मला विचारलं, सांगाडा आणि जोडकाम कुणाचं? मी म्हटलं, भावाचं. यात एक अक्षर खोटं नाही. किती सावध होते बघ. तुला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलावरच्या पेनांकडे बघत राहिले. तू म्हणालास, "नाही." आणि तुझा परवाना गेला, वर्कशॉप गेलं, तुझी बायको तुला घेऊन तिच्या गावाला गेली आणि आता तू टाइल्सच्या गोदामात माल उतरवून घेतोस. तुझ्या बायकोनेच कळवलं होतं मला. खाली सहीसुद्धा केली नव्हती तिने.

तो पुट्टीचा गोळा अजून माझ्याकडे आहे. व्हॅनच्या खणात. चार वर्षांत किती वेळा फेकायला काढला. आणि दर वेळी परत ठेवला, का ते मला सांगता येत नाही.

मला स्वतःची शिसारी येते. हे पत्र टाकायचं नाही असं दोनदा ठरवलं. गॅरेजवाल्याचा माणूस पोस्टाकडे निघालाय, त्याच्याच हातात देतेय, म्हणजे माझ्या हातात राहणार नाही.

ताई


१६ एप्रिल, कोंबडीच्या पोटात

बारक्या,

तू मला मूर्ख समजतोस का?

थांब. नीट लिहिते. अंगाचा तिळपापड झालाय, पण नीट लिहिते.

सकाळी कोंबडीकडे पोचले. इथली मला सगळ्यांत जास्त धास्ती होती, कारण हिच्या पंखाखाली दार आहे आणि पोटात बाकं आहेत आणि शाळांच्या सहली येतात. अंडेवाले काका आता थकलेत, पण कोंबडीची आरामखुर्चीतून राखण चालू असते. त्यांनी मला ओळखलं. मी म्हटलं, काका, आधी आतली माणसं बाहेर काढा. ते म्हणाले, "कशाला? काल तर पंचेचाळीस पोरं बसून गेली." मी ऐकलं नाही. ड्रिल घेऊन पाठीवर कोंबडीखाली सरकले.

भोकं उघडी होती. चारही. आणि प्रत्येक भोकात तांब्याच्या नळीचा तुकडा बसवलेला, खाली वाकवलेला, आणि तोंडाला बारीक जाळीचं टोपण, आत गांधीलमाशी जाऊ नये म्हणून. असं टोपण या जगात एकच माणूस करतो. मी तिथेच पडून राहिले. वरून काका विचारतायत, बाई, बरं आहे ना?

बाहेर आले आणि विचारलं, हे केव्हा झालं? काका म्हणाले, "घोडा पडला ना तुमचा, त्याच्या पाचव्या दिवशी. तुमचा भाऊ आला होता."

पाचव्या दिवशी. चौकशी तिसऱ्या आठवड्यात होती.

काकांना सगळं आठवतं. म्हणाले, "असाच खाली सरकला तुमच्यासारखा. काहीतरी टोकरलं आणि बराच वेळ हलला नाही. मी वाकून विचारलं, काय हो, काय सापडलं? तर म्हणाला, काही नाही काका, रंग छान बसलाय."

रंग छान बसलाय म्हणालास तू. माझी पुट्टी बोटांत धरून.

मग काकांनी उरलेलं सांगितलं. तू नळ्या बसवल्यास, दुसऱ्या दिवशी खुर्चीकडे गेलास, तिथेही बसवल्यास. परतताना काकांनी विचारलं, बाकीच्या तिघांचं काय? तू म्हणालास, त्यांना फोन करून ठेवतो, बुडाशी डाग दिसला की ताईला कळवा. काका म्हणाले, आता निघालाच आहात तर तुम्हीच जाऊन या ना. आणि तू म्हणालास, "नाही. ती येईल."

मी तिथूनच बूटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, हो, तुमच्या भावाचा दर वर्षी फोन येतो, डाग आहे का विचारतो. मी म्हटलं, मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत? तर म्हणे, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर आल्या आल्या ड्रिल काढलंत."

मला तुझा राग आला, खूप राग आला. तुला माहीत होतं तर तू त्या खोलीत बोलला का नाहीस? नुसतं एक वाक्य. पुट्टी तिने भरली. मी नाही म्हणाले नसते. म्हणजे, म्हणाले असते कदाचित. हो, म्हणालेच असते. मी कोंबडीच्या पोटात येऊन बसले आणि तुझ्याशी मोठमोठ्याने भांडले, काका बाहेरून ऐकत असणार. आणि भांडता भांडता मला ते तुझं बघणं आठवलं. साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय, आणि तू माझ्याकडे बघितलंस. चार वर्षं मला वाटत आलं की तू माझ्याकडे मदत मागत होतास. तू मागत नव्हतास. तू मला बोलायला जागा करून देत होतास. तुझी पाळी तू मला दिलीस आणि मी पेनं बघत बसले.

म्हणून तू बोलत नाहीस माझ्याशी. परवाना गेला म्हणून नाही.

मी रडले, बारक्या. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, झालं ते सांगतेय. काकांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, सहलीची गाडी आलीय, पोरांना आत सोडू का? मी म्हटलं, सोडा, काही भीती नाही. आणि उठले.

तीन पत्रं मी तुला पाठवली ती तुला माहीत असलेलीच गोष्ट सांगायला. मनातल्या मनात केवढी शूर झाले होते मी. आता तुला सांगून काही उपयोग नाही. जिथे सांगायला हवं होतं तिथे सांगायला हवं. खुर्ची बघायला जात नाहीये, तिथे तू गेलेला आहेस, म्हणजे काळजी नाही. इथूनच गाडी फिरवतेय.

ताई


१९ एप्रिल, चौकशी कार्यालयाच्या आवारात, व्हॅनमध्ये

बारक्या,

तेच साहेब आहेत. डोळ्यांना जाड चष्मा लागलाय एवढंच. मी गोळा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून, फिरवून, वासही घेऊन बघितला. फाइल मागवली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर मध्येच उठून गेले असते, माझे पाय मला माहीत आहेत.

"चार वर्षांनी?" ते म्हणाले.

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

माझ्या आधीच त्यांनी मेहेरबानी केल्यासारखं लिहायला घेतलं, 'भीतीपोटी'. मी म्हटलं, साहेब, ते खोडा. भीती नंतरची. असं लिहा, रंग खराब दिसू नये म्हणून भोकं बुजवली, भावाने सांगितलेलं असूनही बुजवली, आणि घोडा पडल्यावर पुट्टी काढून लपवली. आणि खाली लिहा, वेल्डिंगमध्ये दोष नव्हता. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "ते मी लिहायचं नसतं बाई, ते तपासून ठरतं. फुटलेल्या खुराचे फोटो आहेत फाइलमध्ये. आता काय शोधायचं ते कळलंय, तर परत बघू." मग म्हणाले, "तुमच्या भावाला तेव्हा मी तीनदा विचारलं होतं, आठवतं? तीनदा. इतक्या वेळा मी कुणाला विचारत नाही. मला वाटतच होतं, हा काहीतरी गिळतोय."

मला एकदाच विचारल्याचं आठवतं. तीनदा विचारलं होतं, आणि मी एकदाही मान वर केली नाही.

तुझ्यावरची मनाई उठवायचा अर्ज त्यांनीच सांगितला तसा मी लिहून दिलाय. निकाल लागेपर्यंत दोन महिने तरी. गोगलगायीचा गॅरेजवाला तोवर जॅकवर धरून ठेवतो म्हणालाय. माझी स्वतंत्र चौकशी लागेल, तारीख घरी येईल. काय व्हायचं ते होऊ दे. जबाबाची नक्कल सोबत जोडली आहे, सही-शिक्क्यासकट.

ताई


२० एप्रिल

बारक्या,

कालचं पत्र पाकिटात घातलं होतं. परत उघडलं, कारण एक जागा राहिली होती.

पहारेकरी आता बस-थांब्याजवळच्या सामानघरात असतो. खिडकीमागे बसून लोकांच्या बॅगांना चिठ्ठ्या लावतो. मी बॅग न घेताच खिडकीशी उभी राहिले, तर म्हणाला, सामान कुठाय? मी माझी ओळख सांगितली. त्याने खिडकीवर 'बंद' अशी पाटी टांगली, काठी घेतली आणि बाहेर आला. डावा पाय वळत नाही त्याचा, पूर्ण कंबर फिरवून चालतो. आम्ही बाकावर बसलो.

त्याला सांगणं साहेबांना सांगण्यापेक्षा अवघड गेलं. साहेबांच्या तोंडावर काही बदल होत नव्हता. याच्या होत होता. मी घोड्याचे खूर, पुट्टी, पर्स, चौकशी, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो काठीचं टोक जमिनीवर आपटत होता, हळूहळू, एका लयीत. मग म्हणाला, "तुमचा भाऊ दवाखान्यात यायचा. रोज. मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो. एकदा ग्लास मारला होता फेकून. तो काचा गोळा करून गेला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. म्हणजे कसं सांगणार होतास.

मी म्हटलं, तुम्हाला जे बोलायचंय ते मला बोला, मी ऐकून घ्यायलाच आलेय. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुमचं नंतर बघू. त्याचा पत्ता द्या." मी म्हटलं, त्यालाच पत्र लिहितेय. "मग त्यातच जागा ठेवा," म्हणाला. मी कागद आणि पेन पुढे केलं. अर्धा तास लागला त्याला. मी बाकावर बसून राहिले, कुठेही गेले नाही. खालचं अक्षर त्याचं आहे.


भाऊ, घोडा तुम्ही पाडला नव्हता हे आज कळलं. रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना दुखतं. तेव्हा मी तुम्हाला शिवी देतो. चार वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. बायकोला पण पाठ झाली आहे. उद्यापासून देणार नाही. दिलेल्या परत कशा घेतात ते मला माहीत नाही, तुम्ही एकदा या, समोर बसून बघू. ग्लास फेकला त्याचं वाईट वाटतं. ती शिवी आता ताईंना द्यायची का नाही ते अजून ठरवलेलं नाही. त्या इथेच बसल्या आहेत.